चुलीविना गरम घास : आपोआप तापणाऱ्या डब्याच्या पोटात काय असते?



निगडी, चिखली किंवा मोशीच्या एखाद्या सोसायटीत पहाटे पाचलाच स्वयंपाकघरातला दिवा लागतो. चाकणच्या पहिल्या पाळीची कंपनीची बस कोपऱ्यावर येण्याआधी पोळ्या, भाजी, आमटी, भात सारे आटोपलेले असते. मुलगा चाकणला जातो, थोड्या वेळाने सून भोसरीला. घरात उरतात ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा, ज्यांनी स्वतःही याच पट्ट्यात तीस-तीस वर्षे पाळ्या केल्या. ओट्यावर जेवण झाकून ठेवलेले असते आणि दाराशी रोजचे एक वाक्य असते : "बाबा, गॅस पेटवू नका हं. आहे तसंच जेवा." बाबा "हो" म्हणतात. दुपारी गार आमटी आणि टणक झालेला भात समोर येतो. दोन घास खाल्ल्यावर ताट बाजूला सरते. संध्याकाळी कोणी विचारले, तर उत्तर ठरलेले असते, "जेवलो की."

ही गोष्ट क्षुल्लक नाही. मधुमेहाची गोळी घेऊन दोन घासांवर उठणे म्हणजे रक्तातील साखर एकदम उतरण्याला निमंत्रण. गार जेवण नकोसे होऊन रोज थोडे थोडे कमी खाल्ले जाते, वजन उतरते, स्नायू क्षीण होतात आणि मग एखाद्या दिवशी स्नानगृहात तोल जातो. गरम घास हा केवळ जिभेचा लाड नव्हे. उतारवयात तो पोषणाचाही प्रश्न असतो.

अशा घरात एखादा नातू ऑनलाइन मागवलेला डबा घेऊन येतो. खालच्या कप्प्यात एक पुडी ठेवतो, थोडे साधे पाणी ओततो, झाकण लावतो. अर्ध्या मिनिटात आतून फसफस ऐकू येते, झाकणाच्या छिद्रातून वाफ निघते आणि पंधरा मिनिटांनी वाफाळते जेवण समोर येते. ना गॅस, ना वीज. घरातल्या सर्वांच्या मनात एकच विचार येतो : बाबांच्या दुपारचा प्रश्न सुटला.

तो खरोखर सुटला का? हे ठरवण्यापूर्वी त्या डब्याच्या पोटात काय चालते, ते आपण समजून घेऊ.

आपल्या जुन्या ओळखीचा चुना

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हा प्रयोग अंगणात पाहिलेला आहे. दिवाळीपूर्वी घराला सफेदी करायची म्हणून कळीच्या चुन्याचे खडे आणले जात. पिंपात पाणी घालून त्यात ते खडे सोडले की पाणी खदखदू लागे, वाफांचे लोट उठत आणि मोठी माणसे मुलांना दटावून लांब उभे करीत. खाली विस्तव नाही आणि पाणी मात्र उकळते आहे, याचे नवल वाटे. दुसऱ्या दिवशी चुना निवला की त्यात नीळ मिसळून कुंच्याने भिंती रंगवल्या जात.

त्याही आधी आपल्या किल्ल्यांचे आणि वाड्यांचे दगड याच चुन्याने सांधले गेले. मळवलीजवळच्या लोहगडावर महादरवाजातून आत गेल्यावर दर्ग्याच्या बाजूला चुना मळण्याची घाणी आजही दिसते. दगडी चरातून जड चाक फिरवून तेथे बांधकामाचा चुना तयार होई. भट्टीत भाजलेला चुनखडक, त्यावर पाणी, त्यातून उसळणारी उष्णता हे सारे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होते. आपोआप तापणाऱ्या डब्यात नवे आहे ते वेष्टन. आतली क्रिया शेकडो वर्षांची जुनी आहे.

चुनखडक भट्टीत भाजताना भरपूर उष्णता द्यावी लागते. त्या उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हा चुना पाण्यासाठी जणू तहानलेला असतो. पाणी मिळाले की दोघांचा संयोग होऊन विरलेला चुना तयार होतो आणि मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते. शाळेच्या पुस्तकात अशा क्रियेला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. म्हणजे डब्यातली उष्णता आकाशातून येत नाही. ती भट्टीत पूर्वीच खर्च झालेल्या इंधनाची साठवण आहे.

डब्याची रचना

बाजारात याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला दोन मजली डबा. खालच्या कप्प्यात तापणारी पुडी आणि साधे पाणी, वरच्या कप्प्यात अन्न, त्यावर वाफ जाण्यासाठी बारीक छिद्र असलेले झाकण. खालून उठणारी वाफ वरच्या भांड्याला तापवते. आपल्याकडच्या मोदकपात्राशी त्याचे नाते सहज ओळखता येईल.

दुसरा प्रकार पेयांचा. कॉफीच्या किंवा सूपच्या डब्याला आत आणखी एक बंद भांडे असते. त्यात चुना आणि पाणी पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. तळाची कळ दाबली की पडदा फाटतो, पाणी चुन्यात मिसळते आणि बाहेरच्या भांड्यातले पेय तापते.

सर्वच पुड्यांत निव्वळ चुना असतो असे नाही. अनेक पुड्यांत चुन्याबरोबर ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि सोडा असतो. सैनिकांच्या शिधापाकिटात चुन्याऐवजी मॅग्नेशियम आणि लोह यांची पूड मिठासह वापरतात. या धातूंची पाण्याशी क्रिया झाली की उष्णतेबरोबर हायड्रोजन वायूही निघतो. हा वायू ज्वालाग्राही आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

थोडेसे गणित

एक वाटी आमटी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, २५ अंशांवरून ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आहे असे समजा. पाण्याच्या हिशेबाने २०० ग्रॅम गुणिले ४० अंश, म्हणजे ८,००० कॅलरी उष्णता लागेल. आहाराच्या भाषेत हे फक्त ८ किलोकॅलरी झाले. एका चमचाभर साखरेत याहून जास्त ऊर्जा असते. एक ग्रॅम कळीचा चुना पूर्ण विरला तर सुमारे २७५ कॅलरी उष्णता देतो. म्हणजे कागदावर साधारण ३० ग्रॅम चुना आणि १० ग्रॅम पाणी पुरते.

प्रत्यक्षात मात्र निम्मी उष्णता डब्याच्या भिंतीत, वाफेत आणि हवेत निघून गेली तर चुना दुप्पट लागतो. म्हणूनच पुडी बरीच जड असते आणि पाणीही सांगितलेल्या खुणेपर्यंतच घालावे लागते. पाणी कमी पडले तर चुना अर्धवट विरतो आणि पुडी नंतर कधीतरी ओल लागून पुन्हा तापू शकते. पाणी फार झाले तर ते पाणीच तापवण्यात उष्णता संपते आणि जेवण कोमटच राहते.

आता या हिशेबातली महत्त्वाची गोष्ट पाहा. गॅस बंद करता येतो, विजेच्या शेगडीचे बटण दाबता येते. चुना एकदा पेटला, म्हणजे भिजला, की त्याला थांबवणारे बटण नाही. क्रिया संपेपर्यंत तो तापतच राहणार. या डब्याचे सारे गुण आणि सारे धोके या एका गोष्टीत आहेत.

रणांगणावरून घराकडे

असे डबे प्रथम मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडले ते युद्धात. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश सैनिकांजवळ हाइन्झ कंपनीचे आपोआप तापणारे सूपचे डबे होते. त्यांच्या मधोमध कॉर्डाइट या स्फोटक द्रव्याची नळी असे. सिगारेटने वात पेटवली की काही मिनिटांत सूप गरम होई. मात्र झाकणाला आधी भोके पाडायला विसरले, तर डबा फुटून उकळते सूप अंगावर उडे. वाफेला वाट ठेवण्याचा नियम तेव्हापासून आजपर्यंत बदललेला नाही.

पुढे अमेरिकी सैन्याने ज्वालेविना तापणारी मॅग्नेशियमची पुडी स्वीकारली. सुमारे २२७ ग्रॅमचे जेवणाचे पाकीट बारा मिनिटांत साधारण ५५ अंशांनी तापवावे, असा तिचा निकष होता. नागरी बाजारात मात्र या कल्पनेचा प्रवास अडखळतच झाला. या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत कॉफीचे असे डबे आले आणि थोड्याच काळात मागे घ्यावे लागले. कडाक्याच्या थंडीत कॉफी पुरेशी तापेना, ही ब्रिटनमधली तक्रार होती. चीनमध्ये मात्र गेल्या दशकात भाज्या, शेवया आणि झणझणीत रश्श्याचे असे डबे कमालीचे लोकप्रिय झाले. आपल्याकडे ऑनलाइन दिसणारे डबे बहुतांशी त्याच घडणीचे असतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की हे साधन घडले ते धडधाकट, प्रशिक्षित आणि उघड्यावर असलेल्या माणसासाठी. बंद सदनिकेतल्या, थरथरत्या हाताच्या, चष्मा शोधत बसणाऱ्या माणसाचा विचार ते घडवताना कोणी केलेला नव्हता. तो आपल्यालाच करावा लागेल.

धोका नेमका कोठे आहे?

पहिला धोका वाफेचा. खालच्या कप्प्यातली वाफ शंभर अंशांच्या आसपास असते. झाकण उघडताना चेहरा वर आणि बोटे कडेला असली की भाजते. वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि जखम भरायला वेळ लागतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असते. डबा किती तापला आहे हे हाताला कळण्यापूर्वीच फोड आलेला असतो.

दुसरा धोका चुन्याचा. विरलेला चुना तीव्र अल्कली आहे. आम्ल त्वचेवर पडले की बहुधा वरच्या थराशी अडते. अल्कली मात्र स्निग्धांश आणि प्रथिने विरघळवत आत आत शिरते. डोळ्यात गेलेला चुना म्हणूनच अत्यंत गंभीर मानला जातो. खाण्याच्या पानाला लावायच्या चुन्याची पुडी दाबताना ती फुटून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याची प्रकरणे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना अपरिचित नाहीत. पानाचा चुना तर विरलेला आणि गार असतो. डब्यातला चुना त्याच वेळी उकळतही असतो.

तिसरा धोका हायड्रोजनचा. धातूची पूड असलेली पुडी देवघरातल्या समईशेजारी, पेटलेल्या उदबत्तीजवळ किंवा गॅसच्या शेगडीपाशी वापरू नये. ज्यांच्याकडे घरी ऑक्सिजन यंत्र चालू असते, त्यांच्या खोलीत तर ती उघडूच नये. वायू निघून जावा म्हणून खिडकी उघडी असावी.

चौथा धोका ओळखण्यातल्या चुकीचा. ही पुडी मसाल्याच्या किंवा मिठाच्या पाकिटासारखी दिसते. स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा दृष्टी अधू झालेल्या व्यक्तीने ती फोडून आमटीत घातली, तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

कोणाच्या हाती द्यावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना हा डबा द्यावा का?

त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते : जेथे शेजारी दुसरा सावध माणूस आहे, तेथे हा डबा सोय आहे, जेथे ज्येष्ठ व्यक्ती एकटी आहे, तेथे तो गॅसची जागा घेऊ शकत नाही. गॅसच्या भीतीने आपण त्यांच्या हाती बंद न करता येणारी दुसरी शेगडीच दिलेली असते.

हाताला कंप असेल, संधिवाताने बोटे आखडली असतील, मोतीबिंदू किंवा काचबिंदूने दिसणे कमी झाले असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, पक्षाघाताने एक बाजू दुबळी झाली असेल किंवा मधुमेहाने हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्या व्यक्तीने हा डबा स्वतः वापरू नये. डबा अंथरुणात किंवा मांडीवर कोणीही घेऊ नये.

मात्र याचा खरा उपयोग होतो असे प्रसंगही आहेत. मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळ्याच्या घाटात तासन्‌तास अडकली आहे आणि आजींची जेवणाची वेळ टळून चालली आहे. रुग्णालयात नातेवाईकाच्या उशाशी रात्र काढायची आहे. आषाढीत देहू-आळंदीहून निघालेल्या पालखीसोबत काही टप्पे चालायचे आहेत. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आहे आणि घरातला सिलिंडरही नेमका संपला आहे. अशा वेळी बरोबरच्या तरुण माणसाने तो मोकळ्या जागी गाडी थांबवून, गाडीबाहेर तापवून द्यावा. धावत्या गाडीत तो वापरू नये. विमानप्रवासात अशी तापणारी पुडी बहुधा नेऊ दिली जात नाही. म्हणून परदेशातून येणाऱ्या मुलांनी ती सामानात भरण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावे.

आतल्या अन्नाचे काय?

या डब्यांसोबत येणारे अन्न बहुधा रिटॉर्ट पाकिटातले असते. बंद पाकीट दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवून निर्जंतुक करतात, त्यामुळे ते शीतकपाटाविना टिकते. आपल्या देशात हे तंत्र रुजवण्यात मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. सीमेवरच्या जवानांसाठी विकसित झालेल्या कृती पुढे खासगी उद्योगांकडे गेल्या आणि आज किराणा दुकानात मिळणारी तयार पाकिटे त्याच वाटेने आलेली आहेत.

हे अन्न टिकाऊ असले तरी रोजचे नव्हे. वेष्टनावरचा सोडियमचा आकडा अवश्य वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. एका पाकिटात १,००० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर दिवसभराचे निम्मे मीठ एका जेवणातच संपले. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पाकिटे नियमित घेऊ नयेत.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. "सकाळचा भात या डब्यात घालून दुपारी तापवला तर?" असे अनेकजण विचारतात. हा डबा निर्जंतुक पाकीट कोमटाचे गरम करण्यासाठी आहे. घरचे उरलेले अन्न सुरक्षित करण्यासाठी नाही. शिजलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात फार वेळ राहिले की त्यात जंतू वाढतात. सर्वसाधारण हवामानात असे अन्न दोन तासांच्या आत खावे, वैशाखाच्या उन्हाळ्यात तर तासाभरात. भातात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही. म्हणजे पहाटे साडेपाचला ओट्यावर झाकून ठेवलेला भात दुपारी साडेबाराला खाणे हाच मुळात धोका आहे, आणि तापवल्याने तो पुरता जात नाही.

वापरायचाच असेल तर

• आधी सूचना मोठ्याने वाचाव्यात. त्या परक्या भाषेत असतील आणि समजत नसतील, तर डबा वापरू नये.

• वेष्टन फुगलेले, पुडी फाटलेली किंवा ओलसर असेल तर ती टाकून द्यावी.

• डबा सपाट, उष्णता सोसणाऱ्या जागी ठेवावा : फरशी, दगडी ओटा. काचेच्या टेबलावर, गादीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवू नये.

• नेहमी साधे, गार पाणीच खुणेपर्यंत घालावे. गरम पाण्याने क्रिया एकदम उसळते.

• झाकणावरचे छिद्र कधीही बंद करू नये आणि त्यावर फडके टाकू नये. तापत असताना डबा हलवू नये.

• सांगितलेला वेळ संपल्यावर आणखी काही मिनिटे थांबावे. मग झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाईल.

• अन्न दुसऱ्या ताटात काढून, ढवळून, घास कोमट करून द्यावा. ६५ अंशांहून गरम पेये सतत पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवला आहे. जीभ पोळेल इतके गरम कोणालाही देऊ नये.

• वापरलेली पुडी पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावर ठेवावी आणि मगच सुक्या कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत घालून घंटागाडीत द्यावी. न वापरलेली पुडी ओल्या कचऱ्यात टाकणे म्हणजे सफाई कामगाराच्या हाती तापता निखारा देणे होय.

• पुड्यांचा साठा स्वयंपाकघरात, मसाल्याच्या पाकिटांजवळ कधीही ठेवू नये.

अपघात झालाच तर

डोळ्यात चुना किंवा पुडीतले पाणी उडाले, तर क्षणाचाही विलंब न करता नळाच्या संथ धारेखाली डोळा धरावा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात आणि निदान वीस ते तीस मिनिटे धुत राहावे. आधी धुवावे, फोन नंतर. घरात दुसरे कोणी असेल तर त्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लिंबू, दही, तूप, गुलाबपाणी यांतले काहीही डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये. दुखणे कमी झाले तरी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये.

त्वचेवर कोरडी भुकटी सांडली तर आधी कोरड्या फडक्याने झटकावी आणि मग भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. वाफेने भाजल्यास वीस मिनिटे साध्या पाण्याखाली धरावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. पुडीतले काही पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, तोंड धुवून तत्काळ रुग्णालय गाठावे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. आपल्या घराजवळचे तातडीची सेवा देणारे रुग्णालय कोणते, हे आजच ठरवून फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. जाताना पुडीचे वेष्टन बरोबर न्यावे. आत काय होते हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

मग बाबांच्या दुपारचे काय?

त्याचे उत्तर या नव्या डब्यापेक्षा जुन्या थर्मासमध्ये अधिक आहे. रुंद तोंडाच्या, आत पोलाद असलेल्या निर्वात थर्मासमध्ये आधी उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. ते ओतून टाकून लगेच उकळती आमटी, खिचडी किंवा सांजा काठोकाठ भरावा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. पूर्वी चुलीच्या वैलावर पातेले ठेवून आपल्या आज्या जे साधत, तेच हे साधन शांतपणे करते. फरक एवढाच, की आपला थर्मास किती तास टिकवतो हे आपण पडताळून घ्यायचे. एका रविवारी पहाटे साडेपाचला भरा आणि दुपारी साडेबाराला स्वयंपाकाच्या तापमापकाने पाहा. साठ अंशांच्या वर असेल तर निर्धास्त राहा. खाली असेल तर दुसरा थर्मास घ्या. झाकण बाबांना स्वतःला उघडता येते का, हेही त्याच दिवशी पाहा. आतल्या दाबाने झाकण घट्ट बसते आणि संधिवाताच्या बोटांना ते हटत नाही. हवा सोडण्याचे बटण असलेले झाकण निवडावे.

ज्यांचे हात आणि स्मरण बऱ्यापैकी शाबूत आहेत, त्यांच्यासाठी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी किंवा मायक्रोवेव्ह हा दुसरा मार्ग. त्यासाठी अन्न सकाळीच शीतकपाटात गेलेले असावे आणि बाहेर काढल्यावर ते मधोमध वाफाळेपर्यंत तापवावे. तिसरा मार्ग माणसांचा आहे : शेजारच्या काकूंनी दुपारी दहा मिनिटे डोकावणे, सोसायटीतल्या डबा देणाऱ्या ताईंकडून दुपारचे ताजे जेवण घेणे. या पट्ट्यात पाळीवर जाणाऱ्यांसाठी डबे पुरवणाऱ्या खानावळी कमी नाहीत. त्यांच्याकडून कमी तिखट, कमी मिठाचा एक डबा ठरवणे अवघड नसावे.

आणि या सगळ्यात एक गोष्ट विसरू नये. निर्णय बाबांविषयी आहे, तेव्हा तो बाबांना विचारून घ्यावा. ज्या हातांनी आयुष्यभर यंत्रे चालवली, त्यांना "गॅसला हात लावू नका" एवढेच सांगणे त्यांच्या मनाला किती लागत असेल, याचा विचार आपण क्वचित करतो. त्यांच्यासमोर डबा, थर्मास आणि शेगडी तिन्ही ठेवा. चुना कसा विरतो, हे कदाचित तेच आपल्याला अधिक चांगले सांगतील. पिंपातले ते खदखदते पाणी त्यांनी पाहिलेले आहे. मग त्यांना स्वतःला काय जमेल असे वाटते, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पुढच्या वेळी संध्याकाळी घरी आल्यावर "जेवलात का?" असे विचारण्याऐवजी "आमटी गरम होती का?" असे विचारून पाहा आणि थर्मास उचलून बघा. तो रिकामा असेल, तर उत्तर मिळालेले असेल.